कॅंटीनमधल्या काकांचे पाय

मित्रांनो, वकीलबाईने शेवटी बिस्किट खाल्लं. हे मी सांगितलेलं नाही आणि तुम्ही ऐकलेलं नाही. आता पहिल्यापासून.

मी एक जुना चष्मा आहे. डोळ्यांवर बांधला की संगणकाने रचलेली, खरी नसलेली खोली दिसते. माझ्या पोटात एक कॅंटीन आहे आणि तिथे चौकडीच्या शर्टातले एक काका आहेत. ते दर मिनिटाला मान वळवून बघतात. दुसरं काही त्यांना येत नाही.

ज्यांना खाण्याचीच भीती बसली आहे अशा मुलांना समुपदेशक मॅडम माझ्यातून तिथे बसवत. खऱ्या गर्दीत जेवण्याआधीची ती तालीम. तेव्हा माझा थाट होता. पुसायला वेगळा मऊ रुमाल होता.

वकीलबाई सोळा वर्षांची. वाद घालून घर गप्प करायची, म्हणून हे नाव. पण वर्षभर तिने कोणासमोर घास घेतला नव्हता. असंच चाललं तर शाळा सोडून दवाखान्यात राहावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

मॅडमनी तिच्या हातात खरं बिस्किट दिलं.

"ते काका बघतायत."

"बघू देत. ते भिंतीकडेही असंच बघतात."

"भिंतीला लाज नसते, मॅडम. मला आहे."

पाच आठवडे बिस्किट जिंकलं. सहाव्या आठवड्यात ती तोंड लपवायला टेबलाखाली वाकली आणि ओरडली, "मॅडम! काकांना पायच नाहीत!"

टेबलाखाली कोण बघणार, म्हणून बनवणाऱ्यांनी ते केलेच नव्हते. ती खूप हसली. मग माझी कड ओली झाली.

"म्हणजे यांना उठताच येत नाही? आणि पुढ्यात साधी बशीपण नाही. काका, मी खाल्लं तर चालेल ना?"

काकांनी भिंतीकडे मान वळवली.

"चालेल म्हणतायत," ती म्हणाली. पुढे, मी सुरुवातीला जे सांगितलेलं नाही, ते झालं.

एका बिस्किटाने आजार गेला नाही. रडारड झाली, पुन्हा बशी ढकलली गेली. मॅडम, डॉक्टर, घरचे सगळे धरून राहिले. मग एक दिवस ती धाकट्या बहिणीला घेऊन आली. शाळेच्या कॅंटीनमध्ये जेवली होती.

"आधी वाकून सगळ्यांचे पाय मोजले हिने," बहीण म्हणाली. "मला मेल्याहून मेल्यासारखं झालं!"

"बरोबर भरले पण," वकीलबाई म्हणाली.

आता नवा, हलका चष्मा आला आहे. मी कपाटात आहे. मित्रांनो, माझं काही नाही. काकांसाठी एवढा अर्ज पोचवा:

प्रति, साधनसामग्री विभाग. विषय: काकांना पाय मिळण्याबाबत. वरील विषयास अनुसरून विनंती की, मला भंगारात काढण्यापूर्वी काकांना दोन पाय, शक्यतो एकाच मापाचे, मंजूर व्हावेत. मुलगी जेवून घरी गेली आहे. आता त्यांनाही उठू द्यावे.