चौदसीची तपासणी

आमच्या जैनांच्या शाळेला निजाम सरकारची मान्यता हवी होती आणि अर्जात सुट्टीचा वार लिहायचा होता. अर्ज उर्दूत छापलेला. हिंगोलीत अर्ज भरून देणाऱ्या माणसानं मला न विचारताच 'शुक्रवार' लिहून टाकलं. आमची शाळा शुक्रवारी भरायची. सुट्टी असायची अष्टमीला आणि चौदसीला, मग वार कोणताही येवो. मी हळूच तसं सांगून पाहिलं, तर तो म्हणाला, "गुरुजी, तिथीला इथं रकाना न्हाई. काहून तकलीफ करून राहिलात?" मी सही केली. माझ्याइतका शहाणा माणूस पंचक्रोशीत दुसरा नव्हता.

ही १९४० सालची गोष्ट. नरसीच्या पलीकडं आमचं गाव. पंचवीसेक जैन घरं, बाकी मराठे आणि मेंढरं राखणारे हटकर. देवळाच्या धर्मशाळेत शाळा भरायची, पोरं एकतीस, त्यात पोरी चार. शाळा सरकारनं मानलेली नव्हती, म्हणून आमच्याकडच्या कुणालाच चौथीच्या सरकारी परीक्षेला बसता येत नव्हतं. पोरांचं त्यावाचून काही अडत नव्हतं. ती बापाच्या दुकानात जाऊन बसायची. अडलं होतं सिंधूचं.

सिंधू बारा वर्षांची. बाप नव्हता. आई चतुराबाई, आणि घरात शब्द चालायचा तो आज्याचा, नेमासांचा. नेमासांनी एकदाच सांगितलं होतं, "सरकारनं शाळा मानली अन् पोरगी चौथी पास झाली, तर हिंगोलीला पुढं शिकवू. न्हाई तर फाल्गुनात लगीन." त्याच दिवशी चतुराबाई माझ्या दाराशी येऊन उभी राहिली. "गुरुजी, माजं लगीन धाव्या वर्षी झालं. ह्या लेकराला तेवढं वाचवा." मी म्हणालो, वाचवतो. इतक्या सहज म्हणालो, जसं काही मान्यता माझ्या पिशवीतच होती.

तालीमात, म्हणजे शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले ते मंगळवारी. त्या दिवशी चौदस होती.

दर चौदसीला माझा उपास असायचा आणि उजाडल्यापासून दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत मौन. सात वर्षांत एकदाही मोडलं नव्हतं. माझ्या मौनात खूण बसत नाही, लिहिणंही बसत नाही. हे सगळे नियम मीच मला घालून घेतले होते आणि गावात त्याचं फार कौतुक होतं. नेमासा त्या दिवशी वऱ्हाडात स्थळ पाहायला गेले होते. मी देवळाच्या ओट्यावर बसलो होतो. कोतवाल ग्यानबा साहेबांना घेऊन आला.

"मदरसा कहाँ है?" साहेबांनी मला विचारलं.

मी त्यांच्याकडं बघत राहिलो. ग्यानबा म्हणाला, "सायेब, गुरुजी आज बोलत न्हाईत. त्यांचं वरत हाये."

साहेब बिचारे शांत स्वभावाचे. त्यांच्या जागी मी असतो तर आरडाओरडा केला असता. त्यांनी ग्यानबाकडून धर्मशाळेचं दार उघडून घेतलं. आत गुंडाळलेल्या चटया आणि पुसलेला फळा. हजेरीचं बुक त्यांच्या शिपायानं वाचून दाखवलं. शुक्रवारी पोरं हजर, आणि मध्येच कुठल्याही वारी सगळी गैरहजर. अर्जात शुक्रवारी सुट्टी. साहेबांनी दोन्ही कागद माझ्यासमोर धरले आणि पुन्हा विचारलं, हे काय आहे? दोन वाक्यांचं काम होतं. ग्यानबाला ती येत नव्हती, मला येत होती.

एवढ्यात चतुराबाई सिंधूला हाताला धरून आली. तिनं साहेबांकडं बघितलंच नाही, माझ्याकडं बघितलं. सिंधू म्हणाली, "सायेब, मी वाचून दाखवू?" आणि तिनं पुस्तकाचं पान न अडखळता वाचलं. साहेब शिपायाकडून अर्थ समजून घेत होते. वाचून झाल्यावर "शाबाश बेटी" म्हणाले. मग मला तिसऱ्यांदा विचारलं, ही तुमच्या शाळेत शिकली का?

मी खाली मान घातली.

त्यांनी पाणी मागितलं, प्यायले, थोडा वेळ वाट बघितली आणि कागदावर लिहिलं. काय लिहिलं ते नंतर कळलं. शाळा बंद आढळली, हजेरी खोटी दिसते, शिक्षकानं उत्तर दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघून मी चालत हिंगोली गाठली. कचेरीतल्या कारकुनानं सांगितलं की साहेब पुढच्या दौऱ्यावर गेले, अहवाल वर गेला, आता पुढच्या साली नवा अर्ज करा. त्याच्यासमोर मी खूप बोललो. अष्टमी सांगितली, चौदस सांगितली. तो मान हलवत ऐकत राहिला आणि मग जेवायला उठला. परत येताना रस्ताभर मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. हातावर डोकं ठेवून झोपल्यावर हात आपला वाटेनासा होतो, तसं सगळं अंग झालं होतं.

गावात मला कुणी बोल लावला नाही. उलट लोक म्हणाले, गुरुजींनी सरकारपुढंही नेम सोडला नाही. नेमासा वऱ्हाडातून स्थळ पक्कं करून आले आणि त्यांनी भर देवळात मला हात जोडले. मी त्यांचा नमस्कार घेतला.

नवरा चोवीस वर्षांचा, वाशीमकडचा, दुकानदार. तिकडं इंग्रजी मुलखात एवढ्या लहान पोरीच्या लग्नाला कायद्याची अडचण, म्हणून लग्न आमच्याच गावात ठरलं. अक्षर चांगलं म्हणून लग्नाच्या चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडं आलं, आणि नेमासांनी मदतीला सिंधूला पाठवलं. गावात माझ्याखालोखाल अक्षर तिचंच. खरं तर माझ्याहून चांगलं.

धर्मशाळेत आम्ही समोरासमोर बसलो. ती खाली बघून स्वतःच्या लग्नाच्या चिठ्ठ्या लिहीत होती. तारीख, वेळ, आज्याचं नाव, स्वतःचं नाव. एकही काट नाही. दहाबारा झाल्यावर तिनं विचारलं, "गुरुजी, मौन मोडलं तर काय व्हतं?"

"प्रायश्चित्त घ्यावं लागतं."

"कोणतं?"

"एक उपास जास्तीचा."

तिनं टाक दौतीत बुडवला. "एकच?"

"एकच," मी म्हणालो.

तिनं कोरा कागद पुढं ओढला आणि आपल्या वाशीमच्या मामाला चिठ्ठी लिहायला घेतली.