तीन दिवसांचे मंत्री

डॉक्टर एव्हारिस्त गिमार मंगळवारी सकाळी मजूरमंत्री झाले आणि गुरुवारी संध्याकाळी माजी मजूरमंत्री. त्या वर्षांत पॅरिसमध्ये याचं कुणाला नवल वाटत नसे. सरकारं येत, जात. मंत्रालयाच्या दारावरचे शिपाई नव्या मंत्र्याचं नाव पाठ करायच्या भानगडीतच पडत नसत. जो येईल त्याला ‘मंत्रीसाहेब’ म्हणत आणि छत्री घेत.

गिमार सेंत-ओबेरचे. लोआरकाठच्या या गावात छपरं, कुंपणं, चर्चच्या पायऱ्या, सगळं निळसर काळ्या पाटीच्या दगडाचं. तो दगड गावच्याच खाणीतून निघे आणि शेडमध्ये करवतीवर कापला जाई. कापताना जी धूळ उडे ती माणसांच्या छातीत जाऊन बसे आणि मग बाहेर निघायचं नाव घेत नसे. गिमारांनी सव्वीस वर्षं त्या छात्या कानाने ऐकल्या होत्या. करवतीवर पाण्याची धार सोडली की धूळ जागच्या जागी बसते, हे त्यांना ठाऊक होतं. खाणमालकांनाही ठाऊक होतं. पण सक्ती नव्हती. ती सक्ती आणतो म्हणूनच ते पहिल्यांदा खासदार म्हणून निवडून आले, आणि त्याला आता नऊ वर्षं झाली होती.

नऊ वर्षांत एवढं झालं की आदेश लिहून तयार झाला. आधीच्या मजूरमंत्र्यांनी त्यांना सांगितलं, “येत्या सोमवारी सही करतो, डॉक्टर. आता सुटलात.”

त्याच आठवड्यात सारोलेया नावाचे एक खासदार सभागृहाबाहेरच्या बाकावर त्यांच्याशेजारी येऊन टेकले. सरकार पाडायला सात मतं कमी पडत होती, आणि गिमारांच्या गटात माणसं बरोबर सातच.

“मजूरखातं तुमच्यासाठी ठेवलंय,” सारोलेया म्हणाले. “तुमच्याइतकं ते कुणाला कळतं?”

“सोमवारी माझ्या आदेशावर सही व्हायची आहे,” गिमार म्हणाले.

“मग ती तुम्हीच करा की. खाली नाव तुमचं असेल.”

हे वाक्य गिमारांना गोड लागलं. पुढे कित्येकदा त्यांनी स्वतःला बजावलं की आपण गावासाठी होकार दिला. पण सारोलेयांनी गावाचं नावही काढलं नव्हतं, हे ते विसरू शकले नाहीत. गुरुवारी त्यांनी सरकारविरुद्ध मत दिलं. सरकार पडलं.

पुढच्या मंगळवारी ते मंत्र्याच्या खुर्चीत बसले, तेव्हा कचेरीचे प्रमुख प्युजाद फाईल घेऊन आले. वयस्कर, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी पान उघडून ठेवलं आणि दौत पुढे सरकवली.

“सगळं तपासून झालंय, मंत्रीसाहेब. आपण सही केलीत की उद्याच्या राजपत्रात येईल.”

गिमारांनी आदेश वाचला. करवती, शेड, पाणी. शब्द न् शब्द त्यांच्याच अर्जांमधून उचललेला. डोळे भरून आले. त्यांनी टाक उचलला आणि परत ठेवला.

“इथे बंद खोलीत नको,” ते म्हणाले. “रविवारी गावी सत्कार आहे. खाणकामगारांसमोर करतो. फोटोग्राफर बोलवा.”

प्युजादांनी फाईल तशीच उघडी ठेवली. “गुरुवारी विश्वासमत आहे, साहेब.”

“अहो, आमची बेरीज पक्की आहे.”

“आपण म्हणाल तसं,” प्युजाद म्हणाले आणि फाईल बंद केली. बुधवारी त्यांनी ती कुणी न मागता पुन्हा आणून टेबलावर ठेवली. गिमार तेव्हा कोटाचं माप देत होते. त्यांनी हातानेच नंतर म्हणून खुणावलं.

गुरुवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला अकरा मतांनी सरकार कोसळलं. गिमार जवळजवळ धावतच कचेरीत आले. प्युजाद दिवा लावून बसले होते.

“ती फाईल द्या.”

“आता नाही चालायची, साहेब. राजीनामा दिलेल्या मंत्र्याला नवा आदेश काढता येत नाही.”

“कालची तारीख घाला.”

प्युजादांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि तेच गिमारांना सोसेना. चौतीस वर्षं ज्या माणसाने एकाही कागदावर खोटी तारीख घातली नव्हती, त्याच्याकडे आपण काय मागतो आहोत, हे त्यांना तोंडातून शब्द गेल्यावर कळलं. ते माफी मागून निघाले. नव्या मंत्र्यांचे मेहुणे दगडाच्या धंद्यात होते. पंधरा दिवसांत फाईल तळघरात गेली.

शनिवारी गाडीतून उतरताना त्यांना वाटलं, स्टेशनवर कुणी नसावं. पण बँड उभा होता. लोक शरमले होते ते त्यांच्यामुळे नव्हे, पॅरिसमुळे. जो तो हात हातात घेऊन म्हणे, “मंत्रीसाहेब, काम करू दिलं नाही हो तुम्हाला.” एकदा मंत्री झालेल्याला मरेपर्यंत तशीच हाक मारायची त्या देशाची रीत. प्रत्येक हाकेला गिमारांची मान थोडी खाली जाई, आणि लोकांना तो विनय वाटे.

रविवारी दुपारी गावच्या खेळमंडळाच्या लांब हॉलमध्ये जेवण झालं. एरवी तिथे लोक मऊ चपला घालून चेंडू घरंगळवण्याचा खेळ खेळत. आता टेबलं मांडली होती. नदीतला मासा लोण्याच्या रश्श्यात, आणि पांढरी वाइन. नगराध्यक्ष उठले.

“आमच्या डॉक्टरांना एक दिवस, फक्त एक दिवस मिळाला असता,” ते म्हणाले, “तर आज प्रत्येक करवतीवर पाणी असतं.”

टाळ्या पडल्या. समोरच्या टेबलावर कोरांतँ ल गोफ बसला होता, बावन्न वर्षांचा, करवतीवर तीस वर्षं काढलेला. टाळ्या वाजवता वाजवता त्याला ढास लागली. शेजारच्याने पाठ चोळली. ढास थांबली तसा तो पुन्हा टाळ्या वाजवू लागला.

गिमारांनी तेव्हाच उठून बोलायला हवं होतं. ते उठलेही. “मी आभारी आहे,” म्हणाले, आणि बसले.

दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. मंगळवारी ते कोरांतँच्या घरी गेले. त्याची बायको अनिक चुलीजवळ कांदे सोलत होती.

“या मंत्रीसाहेब,” कोरांतँ म्हणाला. “छाती बघायला तर आला नाहीत? आज तपासणीचा वार कुठे आहे?”

“तसं म्हणू नकोस मला.” गिमार उभेच राहिले. “मला दिवस मिळाला होता, कोरांतँ. जवळजवळ तीन मिळाले. फाईल समोर होती, दौत समोर होती. मी सही केली नाही.”

“का, कुणी अडवलं?”

“कुणी नाही. तुम्हा सगळ्यांसमोर करायची होती. फोटो काढून.” आणि मग राहिलेलंही त्यांनी सांगून टाकलं: आधीचा मंत्री सही करणार होता, त्याला पाडणाऱ्यांत आपण होतो.

कोरांतँच्या श्वासाचा आवाज तेवढा खोलीत होता.

“आम्ही आलो असतो हो फोटोला,” तो शेवटी म्हणाला. “नंतर. कधीही बोलावलं असतं तरी आलो असतो.”

अनिकने सुरी खाली ठेवली. “डॉक्टर, तुम्ही आता जा,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “याला बोलून दम लागतो.”

त्या शनिवारी गिमार मंडळात गेले. खेळ थांबवून त्यांनी चाळीसेक माणसांसमोर तेच पुन्हा सांगितलं. काही गाळलं नाही. कुणी शिवी दिली नाही. एकाने विचारलं, “मग रविवारी का नाही बोललात?” थोड्या वेळाने कुणीतरी चेंडू घरंगळवला आणि खेळ पुढे चालू झाला. त्यानंतर गावात त्यांना कुणी मंत्रीसाहेब म्हटलं नाही. पुढच्या निवडणुकीला ते उभे राहिले नाहीत. राहा म्हणायलाही कुणी आलं नाही.

त्यांनी दवाखाना चालू ठेवला. दर महिन्याला मंत्रालयाला एक पत्र लिहीत, त्यात त्या महिन्यात ऐकलेल्या छात्यांची माहिती असे. नवे मंत्री येत आणि जात. उत्तर बहुतेक वेळा प्युजादांचं येई: ‘पत्र पोचलं, पुढे ठेवलं आहे.’

कोरांतँ दुसऱ्या हिवाळ्यात गेला. शेवटच्या आठवड्यात अनिकने शेजारणीला पाठवून गिमारांनाच बोलावलं, कारण जवळ दुसरा डॉक्टर नव्हता. ती दार उघडून बाजूला होई, आणि ते जाईपर्यंत एक शब्द बोलत नसे. कोरांतँ मात्र हात धरून ठेवी. अंत्यविधीला गिमार सगळ्यांत मागे उभे राहिले.

आदेश निघाला त्यानंतर दोन वर्षांनी, एका अनोळखी मंत्र्याच्या सहीने. तो मंत्रीही पाच आठवडेच टिकला. गिमार शेडमध्ये जाऊन आले. करवत फिरत होती, खाली राखाडी चिखल साचत होता, आणि तिथे काम करणाऱ्या पोराने त्यांना ओळखलं नाही. तो म्हणाला, “बाजूला व्हा, म्हातारबा, कपडे भिजतील.” ते बाजूला झाले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले.