गुलालेच्या नावावर

गुलालेने स्वतःच्याच घराची घंटा वाजवली आणि परक्या बाईसारखी पायरीखाली उभी राहिली. अंगात ठेवणीतला जांभळा झगा, कमरेला सोन्याचा पट्टा. एका बाजूला शेजारची हप्सा, दुसऱ्या बाजूला हमारश. हमारश हा माम शास्वारांचा बत्तीस वर्षांपासूनचा अंगरक्षक आणि आताचा ड्रायव्हर. आज तो समोरच्या पक्षात उभा होता, त्यामुळे जमिनीकडे पाहत होता.

माम सपाता घालून दारात आले.

"किल्ली विसरलीस?"

"आम्ही पाहुणे आहोत," गुलाले म्हणाली. "मागणं घेऊन आलोय."

मामांनी हमारशकडे पाहिलं.

"तूसुद्धा?"

"मला वहिनींनी न्याहारी दिली, माम."

मागण्याचं हे वाक्य, ही पायरी, हा ठेवणीतला पोशाख, सगळं मामांच्या ओळखीचं होतं. अख्खं स्लेमानी शहर त्यांना माम, म्हणजे काका म्हणायचं ते यासाठीच. कुणी कुणाचा माणूस मारला, कुणाची मुलगी कुणाबरोबर गेली, कुठल्या झऱ्याचं पाणी कुणी वळवलं, असं काही झालं की माम चार माणसं घेऊन त्या घरी जात. चहा समोर येई. माम त्याला हात लावत नसत. आपल्या छपराखाली पाहुण्याचा चहा गार होतोय, हे आमच्याकडच्या कुठल्याही घराला फार वेळ बघवत नाही. शेवटी यजमान म्हणे, "घ्या चहा. मागाल ते दिलं." मागणं काय हे बऱ्याचदा त्याने विचारलेलंही नसे. अशी अकरा वैरं मामांनी विझवली. एका घरी नऊ तास बसले होते. दोनदा मंत्रीही झाले, पण कशाचे ते लोकांच्या लक्षात नाही. मामांनाही आठवावं लागतं.

"या, बसा," माम म्हणाले. शेहेचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच त्यांनी बायकोसाठी बैठकीचं दार धरलं.

पाहुणे बसले. पण चहा येईना, कारण या घरात आजवर आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चहा गुलालेनेच दिला होता. मामांच्या ते हळूहळू ध्यानात आलं. ते स्वयंपाकघरात गेले. भांडी वाजली. काहीतरी पडलं.

"साखर कुठे असते?" आतून आवाज आला.

गुलाले भिंतीवरच्या फोटोकडे पाहत राहिली. फोटोत डोंगरावरचे तरुण माम होते, खांद्यावर बंदूक, मिशा आतापेक्षा दुप्पट.

"पाहुण्यांना कसं माहीत असणार?" हप्साने मोठ्याने म्हटलं.

शेवटी चार पेले चहा आणि साखरेच्या जागी वाटीभर बेदाणे आले. माम समोर बसले. कुणी पेल्याला हात लावला नाही. हमारशचा हात सवयीने पुढे गेला होता, तो हप्साने कोपराने मागे ढकलला.

खरं तर मामांना मनातून हायसं वाटलं होतं. पक्षाला ते निवडणुकीत यादीच्या पहिल्या नंबरावर हवे होते. तीन खोऱ्यांची मतं त्या मिशांवर पडतात, असा पक्षाचा हिशेब. ‘घरी विचारून सांगतो’ असं काल त्यांनी चिटणिसाला सांगितलं आणि घरी येऊन वाट बघितली. गुलाले जेवताना एक शब्द बोलली नाही, नुसते भात भरलेले डोलमे वाढत राहिली. आज अकरापर्यंत उत्तर द्यायचं होतं. साडेदहा वाजले होते, आणि ‘उभं राहू नका’ हेच मागायला ती आली असणार, असं मामांनी धरलं होतं.

मामांनी आयुष्यात पक्षाला कधी स्वतःहून नाही म्हटलं नव्हतं. ते काम गुलालेच्या नावावर होई. उठावानंतर त्यांना तुरुंगखातं देऊ केलं, तेव्हा म्हणाले, गुलाले जेवायला घालणार नाही. युरोपातली वकिलात नाकारली, कारण गुलालेला थंडी सोसत नाही. गुलाले पेंजवीनच्या बर्फात वाढलेली. आपल्याच दोन पक्षांच्या, भावाभावांच्या लढाईत त्यांना आपली साठ माणसं घेऊन पलीकडच्या पक्षावर चढाई करायचा हुकूम आला, तेव्हा त्यांनी निरोप धाडला की गुलालेने बूट लपवलेत. सगळा पक्ष हसला. ती साठच्या साठ माणसं आज नातवंडं खेळवतात. मामांना त्यांचा मान मिळाला आणि गुलालेला तिचा. मयताच्या घरी ती आत आली की बायका बोलायच्या थांबतात आणि चांगली गादी रिकामी करतात. हप्साला तिच्याकडे कांदा मागायला चार वर्षं धीर झाला नव्हता.

चहावरची वाफ गेली. माम अकरा घरांत जे ऐकून उठले होते, तेच आता त्यांनी म्हटलं, आणि जरा घाईनेच म्हटलं.

"घ्या चहा. मागाल ते दिलं."

गुलालेने दोन बेदाणे दाढेखाली धरले आणि पेला एका दमात संपवला.

"उभे राहा, नका राहू, तुमचं तुम्ही बघा," ती म्हणाली. "पण जे काही सांगाल, त्यात माझं नाव घ्यायचं नाही. मागणं एवढंच."

मामांनी बेदाण्यांची वाटी स्वतःकडे ओढली.

"विचारून दिलं असतं तर बरं झालं असतं," ते म्हणाले.

"तुम्हीच शिकवलंत लोकांना, न विचारता द्यायला."

हमारशने खिशातून फोन काढून नंबर लावला आणि मामांना कमी ऐकू येतं म्हणून आवाज मोठा केला.

"कारवान, शास्वार बोलतोय. यादीत माझं नाव घालू नका."

"का हो, माम?" चिटणिसाने विचारलं.

मामांची मान सवयीने वळली. गुलाले उशीवरची वेलबुट्टी तपासत होती.

"मी थकलोय. आणि..." ते थांबले. "गेल्या महिन्यात भाषण करताना मधेच विसरलो, कशावर बोलतोय ते. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणून निभावलं. पुन्हा तसं झालं तर, ही भीती वाटते."

पलीकडे कारवान मायेने हसला.

"कळलं, माम. वहिनी शेजारीच बसल्यात ना? त्यांना सलाम सांगा. संध्याकाळी आम्ही चौघे येतो, चहासमोर बसायला. त्यांना पटवतो."

मामांनी फोनकडे पाहिलं, मग गुलालेकडे. यात तिचा हात नाही, हे सांगायलाही तिचं नाव घ्यावं लागलं असतं. दिलेला शब्द पाळायचा म्हणजे गप्पच बसावं लागत होतं.

गुलालेने हात पुढे करून फोन घेतला.

"मला काय पटवता?" ती म्हणाली. "मी सकाळपासून उभे राहा म्हणतेय. चारदा म्हटलं. ऐकत नाहीत."

हप्साला चहाचा ठसका लागला.

"मग..." कारवान म्हणाला, "मग आम्हाला मामांशीच बोलायला हवं."

"हो. ते आता घरीच असतात."

तिने फोन हमारशला दिला आणि आपला रिकामा पेला मामांच्या दिशेने थोडा सरकवला. माम गुडघ्यावर हात टेकून उठले, पेला उचलला. स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन थांबले.

"साखर वरच्या फळीवर," गुलाले म्हणाली. "पदकांच्या डब्यामागे."