एकसष्ट नंबरची शिंगं

शुक्रवारी सकाळी वर्लन ओटमर्सने ओकची एक कोवळी डहाळी तोडून आणली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत पाण्याच्या पेल्यात उभी करून ठेवली. ती उद्यापर्यंत टवटवीत राहायला हवी होती. उद्या सकाळी एक हरीण मरणार होतं आणि त्याच्या तोंडात ती द्यायची होती.

वर्लनची थोरली बहीण नेल्डा कॉफी ओतत होती. तिची नजर डहाळीवर गेली आणि तिच्या डोक्यात तिडीक उठली.

डहाळीची रीत त्यांच्या ओपाची, म्हणजे आजोबांची. ओपाचे वाडवडील जर्मनीहून टेक्सासच्या या खडकाळ टेकड्यांवर आले, तेव्हा ट्रंकांबरोबर ही रीतही घेऊन आले. हरीण पडलं की टोपी काढायची, शेजारच्या झाडाची डहाळी मोडायची आणि त्याच्या दातांत ठेवायची. शेवटचा घास. तेवढा वेळ ओपा कोणाला चकार शब्द काढू देत नसे. नेल्डाने अकराव्या वर्षी पहिलं हरीण मारलं. त्यासाठी ती सहा दिवस पहाटेपासून थंडीत कुडकुडत बसली होती आणि सहापैकी पाच दिवस त्या हरणाने तिला उल्लू बनवलं होतं. घास देताना ती हमसून रडली आणि पुढच्याच आठवड्यात त्याचे सॉसेज तिने मिटक्या मारत खाल्ले. आज बासष्टाव्या वर्षीही तिचा फ्रीजर हरणाच्या मटणाने भरलेला असायचा. तेव्हा ही बाई फार हळवी आहे असं म्हणायची कोणाची टाप नव्हती.

"अजून जिवंत आहे तो, वर्लन," ती म्हणाली.

"कोण?"

"ज्याचा घास आणून ठेवलायस तो."

"उद्या सकाळी घाई असते गं. गिऱ्हाइकांना फोटोत डहाळी आवडते." वर्लन टोस्टला लोणी लावत होता. "आणि हो, उद्या तुला यायचंय आमच्याबरोबर. डबा घेऊन."

नेल्डाने कॉफीची किटली खाली ठेवली.

डबा म्हणजे कॉफीचा जुना, पत्र्याचा, झाकण चेपलेला डबा. त्यात मूठभर खुराकाच्या गोळ्या असायच्या. वर्लनच्या नावावरच्या या रँचवर शिकारीच्या गिऱ्हाइकांसाठी हरणं वाढवत. इथे जन्मलेलं प्रत्येक पाडस पहिल्याच दिवशी आईपासून काढून नेल्डाकडे येई, कारण माणसाळलेली हरणं सांभाळायला सोपी. ती बाटलीने दूध पाजी आणि पाजण्याआधी डबा वाजवी. महिनाभरात पाडसाला डब्याचा आवाज आईच्या हाकेसारखा होऊन जाई. एकसष्ट नंबरचं पाडस चार वर्षांपूर्वी इतकं मरतुकडं आलं होतं, की तिने ते आठवडाभर कपडे वाळवायच्या यंत्राशेजारी उबेला ठेवलं. वर्लनचा नियम होता, हरणांना नावं ठेवायची नाहीत, फक्त कानातला नंबर. नेल्डाने नियम पाळला. पण एकसष्ट हा आकडासुद्धा चार वर्षं लाडाने घेतला तर नावच होऊन बसतो.

आता त्याच्या डोक्यावर, सगळ्या फाट्यांची लांबी मिळून, दोनशे त्रेचाळीस इंच शिंगं होती आणि गिऱ्हाईक पैसे मोजायचं ते इंचांवर. वाढवायची म्हणूनच वाढवलेली. बाप कोणता, आई कोणती, सगळं शिंगांकडे बघून ठरवलेलं. त्या भारापायी बिचारा झाडाखालून जाताना मान वाकडी करून जायचा. आज संध्याकाळी त्याला पिंजऱ्यातून बाहेर नऊशे एकरांच्या रानात सोडायचं आणि उद्या सकाळी सात वाजता ह्यूस्टनच्या हॅस्केलसाहेबांनी त्याला टिपायचं, असं ठरलं होतं. हॅस्केल श्रीमंतांच्या बंगल्यात पोहण्याचे तलाव बांधून देई. रानाला चारी बाजूंनी आठ फुटी जाळी होती, त्यामुळे हरीण जाणार कुठे, हा प्रश्नच नव्हता.

"मागच्या वर्षीचा तो माणूस दोन दिवस बसला, एक हरीण झुडपातून बाहेर येईना," वर्लन म्हणाला. "माझी किती शोभा झाली! तू मागे आडोशाला बस, डबा वाजव. पाच मिनिटांचं काम."

"तो धावत येईल, वर्लन."

"तेच तर पाहिजे ना!"

"म्हणजे हाक मी मारायची आणि गोळी त्याने घालायची."

"तू आता मला प्रवचन देऊ नकोस, नेल. तुझ्या ताटातला बैल काय रानातून पळून दमून आला होता? तोही बादली वाजवली की येतोच."

"येतो. पण बैल कापल्यावर मी शिकार केली म्हणून सांगत फिरत नाही. त्याच्या मुंडक्याशेजारी बसून दात काढत फोटो काढत नाही."

"या शिंगांवर ओपाची जमीन टिकलीय, एवढं लक्षात ठेव. नाहीतर आज इथे एखाद्या शहरवाल्याचं गोल्फचं मैदान असतं." वर्लनने टोपी घातली. तो खोटं बोलत नव्हता, म्हणून तर जास्त झोंबलं. "मी हॅस्केलला आणायला विमानतळावर चाललोय. चुई आणि तू मिळून नरांची शिंगं उतरवून घ्या. पिवळी पट्टीवाले सोडून."

"बरं," नेल्डा म्हणाली.

वर्लनला वाटलं, गाडी रुळावर आली.

नोव्हेंबरात नर माजावर येतात आणि पिंजऱ्यात एकमेकांची आतडी काढतात, म्हणून दरवर्षी त्यांची शिंगं कापावी लागत. लाकडी अंधाऱ्या बोळातून हरणाला हाकायचं, टोकाला पाळणा असे. त्याचा तळ खाली पडला की हरणाचे पाय लोंबकळत आणि दोन्ही बाजूंच्या गाद्या त्याला धरून ठेवत. डोळ्यांवर फडकं टाकायचं आणि करवत चालवायची. शिंग तोवर वाळलेलं हाड झालेलं असतं, नख कापल्यासारखंच, दुखत नाही. विक्रीला ठरलेल्या नरांच्या कानाला तेवढी पिवळी पट्टी असे. ते सोडायचे.

दुपारपर्यंत चुई आणि नेल्डाने बावीस नर उरकले. चुई मेंदोसा हा गडी या रँचवर अठरा वर्षं होता आणि नेल्डाला आपल्या स्पॅनिशमध्ये 'दोन्या', म्हणजे बाईसाहेब, म्हणे.

"दोन्या नेल्डा, संपले," तो घाम पुसत म्हणाला.

"जा, जेवून ये. सावकाश ये."

"आणि तुम्ही?"

"मला एक काम आहे."

चुईने तिच्या हातातला डबा पाहिला, मग पलीकडच्या पिंजऱ्यातल्या एकसष्टकडे पाहिलं. "त्याला पट्टी आहे, दोन्या."

"मला चष्मा आहे, चुई. दिसतंय मला. तुला मात्र काही दिसलेलं नाही. जा."

बावीस नरांना हाकायला आरडाओरड करावी लागली होती. एकसष्टसाठी तिने फक्त डबा वाजवला. तो त्या अंधाऱ्या बोळातून शिंगं खडखडवत, तिच्या मागे मागे, आपणहून पाळण्यात चालत आला आणि तळ खाली गेला तेव्हाही त्याने तिच्या तळहातावरच्या गोळ्या संपवायचं सोडलं नाही. नेल्डाला स्वतःची लाज वाटली. उद्या हॅस्केलच्या बंदुकीसमोर हा असाच येणार होता.

करवतीला चार मिनिटं लागली. जळक्या हाडाचा वास पसरला. पाळणा उघडल्यावर एकसष्टने मान झटकली आणि त्या हलकेपणाने तो स्वतःच गोंधळला. तिने त्याला रानाचं फाटक उघडून दिलं. एकदा रानात सोडलेलं हरीण परत पिंजऱ्यात आणायचं नाही, असा कायदाच आहे. वर्लनने चार गोष्टींत लबाडी केली असेल, पण वनखात्याला तो टरकून असे.

मग ती शिंगं घेऊन शेडमध्ये गेली आणि तासभर तिथून करवतीचा आवाज येत राहिला.

संध्याकाळी वर्लनने विचारलं, "सोडलंस त्याला?"

"सोडला," ती म्हणाली. यात काही खोटं नव्हतं.

शनिवारी उजाडायच्या सुमाराला नेल्डाने अंडी तळली, सॉसेज वाढले, तिखट मिरच्यांची बरणी मध्ये ठेवली आणि बरणीशेजारी टॉवेल झाकलेली एक बादली ठेवली. हॅस्केल नवीकोरी शिकारी टोपी घालून बसला होता. पन्नाशीचा, गुबगुबीत, बोलायला गोड माणूस.

"मिस नेल्डा, रात्रभर डोळ्याला डोळा नाही लागला," तो म्हणाला. "वर्लन सांगत होते, तीन वर्षं हा पठ्ठ्या कोणाच्या हाती लागला नाही म्हणे. भुतासारखा आहे."

"त्या भुताची शिंगं काल मी कापली," नेल्डा म्हणाली. "अजून सॉसेज घेणार?"

वर्लनने काटा खाली ठेवला. त्याने बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं, ती थट्टा करत नव्हती. पण धंद्यात मुरलेला माणूस तो, दोन क्षणांत सावरला आणि हसला.

"चूक झाली असेल हो. काल शिंगं उतरवायचा दिवस होता. आमच्या चुईने पट्टी बघितली नसेल. गडबडीत होतं असं. होय ना, नेल?"

आणि त्याने तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. नुसतं 'होय' म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर तिची खोली, तिची पाडसं, चाळीस वर्षांचं घर, सगळं जागच्या जागी राहिलं असतं. जाणार होता तो फक्त चुई.

"चूक बिक काही नाही. चुई तिथे नव्हता. पट्टी मी बघितली, आणि बघून कापली."

"नेल!"

"पुन्हा वेळ आली तर पुन्हा कापीन."

वर्लन लालबुंद झाला, तरी त्याचं डोकं चालूच होतं. "बरं, हरकत नाही. हॅस्केलसाहेब, हरीण रानात आहे, शिंगं इथे आहेत. तुम्ही नुसतं हरीण पाडा. मुंडक्यात पेंढा भरून देणारा माझ्या ओळखीचा आहे, शिंगं स्क्रूने अशी बेमालूम बसवतो, की भिंतीवर कोणाच्या बापाला कळायचं नाही. कुठेत शिंगं?"

नेल्डाने टॉवेल उचलला.

बादलीत चार चार इंचांचे तुकडे होते, काठोकाठ. कुत्र्यांना चघळायला विकतात ना, तस्से. कडासुद्धा तिने घासून गुळगुळीत केल्या होत्या.

"दोनशे त्रेचाळीस इंच," ती म्हणाली. "तुम्ही इंच विकत घेतलेत, मिस्टर हॅस्केल. मोजून घ्या. एकही कमी नाही."

हॅस्केलने एक तुकडा उचलला, उलटासुलटा पाहिला.

"पण... तो तर जंगली होता ना?"

"मी त्याला बाटलीने दूध पाजलंय. डाव्या कानामागे खाजवलं की डोळे मिटतो. आज मी हा डबा वाजवणार होते आणि तो तुमच्यापासून वीस पावलांवर येऊन खुराक शोधत उभा राहणार होता. त्याला तुम्ही मारणार होतात. मग ही डहाळी त्याच्या तोंडात द्यायची. जन्मभर ज्याला डब्यातलं घातलं, त्याला शेवटचा घास!"

हॅस्केलची मान खाली गेली. त्याला शरम वाटली, हे नेल्डाला स्पष्ट दिसलं, आणि क्षणभर तिला वाटलं, जिंकले. मग त्याने तुकडा बादलीत टाकला, घसा खाकरला आणि वर्लनला हळूच विचारलं, "दुसरा एखादा आहे का?"

"आहे की!" वर्लन म्हणाला. "चौतीस नंबर. परवाच रानात सोडलाय. दोनशे सोळा इंच. नेल्डा, तो डबा इकडे दे आणि सामान बांधायला लाग."

नेल्डाने डबा उचलला. दाराआडची ओपाची दुनळी बंदूकही उचलली, आणि ती बाहेर पडली.

रानात दव होतं. फाटकापाशी तिने डबा वाजवला. सीडरच्या झुडपांतून एकेक डोकं वर झालं. चौतीस आला, दोन माद्या आल्या, आणि सगळ्यांच्या पुढे, बोडक्या डोक्याचा, उड्या मारत, एकसष्ट. त्याने नाक तिच्या खिशात खुपसलं.

तिने त्याच्या डाव्या कानामागे एकदा खाजवलं. मग बंदूक आभाळाकडे करून चाप ओढला.

हरणं उधळली. तिने पुन्हा डबा वाजवला. आता चौतीस आला नाही. एकसष्ट आला, कान पाडून, वाकड्या चालीने, काहीतरी चुकलं असेल अशा समजुतीने आला. नेल्डाचे डोळे वाहत होते आणि ती मोठ्याने शिव्या देत होती, त्याला, वर्लनला, स्वतःला. या वेळी तो अगदी जवळ येईपर्यंत ती थांबली. मग हवेत दुसरा बार काढला आणि डबा काडकन त्याच्या पाठीत हाणला. जन्मात कोणी त्याच्यावर हात उगारला नव्हता.

"नीघ! माणसाच्या वाऱ्याला उभा राहू नकोस! माझ्यासुद्धा!"

खुराकाच्या गोळ्या गवतात सांडल्या होत्या. त्यातल्या मूठभर तिने परत डब्यात टाकल्या, बंदुकीत नवी काडतुसं भरली आणि तिसऱ्यांदा डबा वाजवला. एकसष्ट ऐंशी पावलांवर थांबला होता. त्याने पुढचा पाय आपटला, नाकातून जोरात फुत्कार सोडला आणि रानातलं कुठलंही हरीण माणसाकडे बघतं तसं त्याने तिच्याकडे पाहिलं. पांढरी शेपटी ताठ उभी राहिली आणि तो झुडपांत दिसेनासा झाला.

तेवढ्यात वर्लनची गाडी धुरळा उडवत आली. मागोमाग हॅस्केल उतरला.

"वेड लागलंय का तुला? सगळं रान उठवलंस!" वर्लनने डबा तिच्या हातातून हिसकावला आणि स्वतः वाजवला. एकदा, दोनदा, मग हात दुखेपर्यंत. डब्याचा खडखडाट टेकडीवर आपटून परत येत होता. झुडपाचं पानही हललं नाही. एक कान नाही, एक शेपूट नाही.

वर्लन घामाघूम झाला होता. नेल्डाने बंदूक उघडून काडतुसं काढली आणि डोळे पुसले.

"पहिल्या हरणाला मला सहा दिवस लागले होते, मिस्टर हॅस्केल," ती म्हणाली. "तेव्हा मी अकरा वर्षांची होते. जाळी आहेच म्हणा, तुम्हाला तीन दिवस पुरतील. बसा."

हॅस्केलने झुडपांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि तो गाडीत जाऊन बसला.