चार बोटांनी बुटका साडू

गावच्या चर्चच्या सणाला संतांची लाकडी मूर्ती डोलीत बसून गावभर फिरते. डोलीच्या पुढच्या दोन दांड्यांपैकी उजवी जोडेवाल्याच्या खांद्यावर आणि डावी त्याच्या साडूच्या, म्हणजे पाववाल्याच्या. साडू चार बोटांनी बुटका. म्हणून डोली त्याच्या बाजूला कलायची आणि संत दरवर्षी त्याच्याच कानाशी लागलेले दिसायचे.

"काय हो सांगतात कानात?" बायका विचारायच्या.

"सगळंच चारचौघांत सांगण्यासारखं नसतं," असं म्हणून साडू असा काही गालात हसायचा की जोडेवाल्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. अठरा वर्षं ओझं दोघांनी वाहिलं, आणि कौतुक मात्र एकट्या त्याचं!

यंदा जोडेवाल्याने ठरवलं, साडूपेक्षा बुटकं व्हायचं. आदल्या दिवशी त्याने स्वतःच्या जोड्यांच्या टाचाच उडवल्या. साडूही बारा गावचं पाणी प्यायलेला. तो अनवाणीच आला. मग याने गुडघे वाकवले. त्याने कंबर वाकवली. चर्चच्या दारातून निघताना दोघं माणसाएवढे होते, विहिरीपाशी पिंपाएवढे झाले, आणि शाळेच्या वळणावर तर बदकं त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून बघत होती. खोटं वाटत असेल तर त्या बदकांना विचारा.

"अरे, उठा की! संत घसरताहेत!" मागचे दोघे ओरडले.

"आधी त्याला उठू दे," जोडेवाला दात आवळून म्हणाला.

"मी जन्मापासून एवढाच आहे, साडूभाऊ!"

हे ऐकलं मात्र, जोडेवाल्याने सरळ रस्त्यावर बसकण मारली. डोली त्याच्या बाजूला कलंडली, संत पुढे सरकले, याने मान वळवून वर पाहिलं आणि त्यांचा आशीर्वादाचा हात टणकन याच्या कपाळावर बसला.

फादर धावत आले. मूर्ती धड आहे हे पाहिलं आणि मग तोंड उघडलं. "आजपासून तुम्ही दोघांनी दांडीला शिवायचं नाही. मेणबत्त्या घ्या आणि मुकाट्याने मागून चाला."

जोडेवाला घरी आला तेव्हा कपाळावर अंड्याएवढं टेंगूळ होतं. बायको ओलं फडकं घेऊन धावली.

"बघू, थंड पट्टी ठेवते. घटकाभरात उतरेल."

"हात लावशील तर याद राख!" त्याने खुर्ची उचलून दारात ठेवली आणि केस मागे सारून रस्त्याकडे तोंड करून बसला. "तुझ्या बहिणीचा नवरा बघून जाईपर्यंत हे उतरता कामा नये."