साहेबाचं शेवाळ

टिकली गेली तेव्हा मला रडू आलंच नाही. माणसं आली, माझ्या गळ्यात पडून रडली, मी त्यांना पाणी दिलं. थोरली जाऊ म्हणाली, "अगं, मोकळी हो." मोकळी हो म्हणे! नळ आहे का मी, फिरवला की वाहायला? मी आपली मशीनवर बसले आणि लोकांच्या पँटी आखूड करत राहिले. त्यात डोकं लागत नाही, हात लागतात आणि हात चालू होते.

टिकली आमची एकुलती एक. मोठी झाली, चष्म्यांच्या दुकानात कामाला लागली, तरी घरात टिकलीच राहिली. ताप आला, मेंदूत गेला आणि आठवड्याच्या आत सगळं संपलं. मागे उरलो तिघं: मी, आमचे हे आणि माझ्या सासूबाई. आणि चौथा साहेब.

साहेब म्हणजे मासा. नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा, बोटभर. ऐट मात्र सगळं घर आपल्या नावावर असल्यासारखी, म्हणून टिकलीनं त्याला साहेब नाव ठेवलं. त्याच्यासाठी तिनं बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याची काचेची पेटी आणली होती. खालच्या कपाटात आणखी एक लहान पेटी, तिच्यावर वेगळा दिवा आणि आत समुद्राचं शेवाळ, भांडी घासायच्या तारेसारखं गुंतलेलं. वरचं पाणी नळीनं खाली यायचं, शेवाळातून फिरायचं आणि पंपानं पुन्हा वर जायचं. माशाची घाण, उरलंसुरलं खाणं, त्यातलं जे पाण्यात विरघळतं ते हे शेवाळ खातं आणि पाणी चांगलं राहतं, असं तिनं मला समजावलं होतं. मी म्हटलं होतं, "जगात लोक शेवाळ घासून काढतात आणि आमची कन्या त्याला दिवा लावून वाढवते!" यावर ती इतकी हसली होती की चष्मा काढून डोळे पुसले होते.

सुटीच्या दिवशी ती त्यातलं मूठमूठभर उपटून टाकून द्यायची. ती गेल्यावर ते काम कोणी केलं नाही. मी एकदा कपाट उघडलं होतं, तर हे मागून म्हणाले, "त्याला हात लावू नकोस. तिनं लावलंय ते." मी कपाट बंद केलं. भांडायला अंगात काही नव्हतं.

मग पाणी पिवळट दिसायला लागलं. काचेवर राप बसला, दगडांवर हिरवे केस उगवले. साहेब वरवर येऊन तोंड उघडझाप करायला लागला. टिकली गेल्यापासून मला पहिल्यांदाच काही वाटलं आणि ती भीती होती. टिकलीनं हातानं वाढवलेलं, जिवंत असं तेवढंच घरात उरलं होतं. तोही गेला असता तर मला परत कोणाला तरी पाणी द्यावं लागलं असतं. मी पेटीच्या दुकानदाराला फोन केला.

तो संध्याकाळी आला, हे नुकतेच कामावरून आले होते तेव्हा. त्यानं छोट्या नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, हलवलं. पाणी गडद लाल झालं, म्हणजे घाण फार. मग खाली वाकून कपाट उघडलं आणि म्हणाला, "अरे बापरे!" शेवाळ पेटी भरून वर आलं होतं, दिव्याला टेकलं होतं.

"खायला किती वेळा घालता?" त्यानं विचारलं.

"एकदा," मी म्हणाले.

"एकदाच," हे म्हणाले.

आतून सासूबाई ओरडल्या, "एकदाच हो! दुपारी!"

दुकानदार आमच्याकडे बघत राहिला. आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

"शेवाळानं आपलं काम केलंय," तो म्हणाला. "तिघांनी घातलेलं खाऊन एवढं झालंय. पण खाल्लेलं ते स्वतःच्या अंगात ठेवतं. तुम्ही कापून बाहेर टाकलंत तरच घाण घराबाहेर जाते. आत उजेड पोचत नाही, ते कुजायला लागलंय. कुजलं की खाल्लेलं सगळं परत पाण्यात. निम्म्याहून जास्त काढा, आजच." आणि तो गेला.

हे कपाटासमोर बसले. "कापायचं नाही."

"मग साहेब मरेल."

"तिचा हात लागलाय त्याला."

"साहेबालाही लागलाय!" मी ओरडले. कितीतरी दिवसांनी माझा आवाज माझ्या कानांवर पडला.

मी उठले आणि माझी कापडाची कात्री आणली. ह्या कात्रीनं कोणी कागद कापला तरी मी घर डोक्यावर घेते. टिकलीनं एकदा पुठ्ठा कापला होता, तर दोन दिवस मी तिच्याशी बोलले नव्हते. ह्यांना ते आठवलं असणार. ते बाजूला सरकले.

मी कापत गेले. वरचं हिरवं कडक होतं, मधलं तपकिरी, बुळबुळीत, त्याला कुबट वास. बादली भरली. वरच्या ताज्यातलं मूठभर तेवढं परत पेटीत सोडलं.

सासूबाई भिंतीला धरत बाहेर आल्या. "ती दुपारी फोन करायची मला," त्या म्हणाल्या. "आजी, साहेब बरा आहे ना बघ, म्हणायची. आता फोन येत नाही. मला वाटायचं, तो उपाशी असेल."

"मलाही तेच वाटायचं," हे म्हणाले. "संध्याकाळी घालायची ती. म्हणून मी..."

मी सकाळी घालत होते. खोलीतून ती बाहेर यायची तेव्हा तो काचेशी येऊन उभा राहायचा, अजूनही राहतो. मला ते बघवत नव्हतं.

"यापुढे एकदाच घालायचं," मी म्हणाले. "संध्याकाळी."

"हो. ती यायच्या वेळेला," सासूबाई म्हणाल्या.

"ती येणार नाहीये, आई," मी म्हणाले.

हे वाक्य घरात अजून कोणी बोललं नव्हतं. सासूबाई खाली बसल्या. ह्यांनी बादली उचलली आणि जिना उतरून गेले.

मी कात्री धुतली, पुसली. खारं पाणी लोखंडाला वाईट. परत पुसली, तरी पात्यावर थेंब होतेच. तिसऱ्यांदा पुसताना कळलं की ते माझ्या डोळ्यांतून पडताहेत.

हे रिकामी बादली घेऊन आले तेव्हा साहेब काचेशी आला होता, जन्मात काही खाल्लं नसल्यासारखं तोंड करून. सकाळचं आणि दुपारचं त्याला मिळालेलं होतं. आम्ही तिघं त्याच्यासमोर बसून राहिलो. खाण्याचा डबा पेटीवरच होता. कोणीही उठलं नाही.