पिवळ्या पट्ट्यावरचा नारळ

आमचे मोठे दीर रणजितराव यांनी आयुष्यात स्वतःचं जेवलेलं ताट कधी विसळलं नाही. त्यामुळे त्या सकाळी मागच्या अंगणात उकिडवे बसून ते माझी गाडी धुताना दिसले, तेव्हा मला कौतुक वाटलं नाही. मी सरळ चपला घालून अंगणात उतरले.

गाडी माझी आहे हे आधीच सांगते, कारण आमच्या घरात ते कुणाच्या लक्षात राहत नाही. छोटी, निळी, माझ्या पगारातून घेतलेली. मी इंदापूरच्या शाळेत शिकवते. माळेगावजवळच्या आमच्या वस्तीवरून आधी बारामती आणि मग पुढे इंदापूर, असं एसट्या बदलत मी लग्नानंतर कितीतरी वर्षं काढली आणि पुन्हा काढायची माझी तयारी नाही. गाडी नवी आली तेव्हा नरसिंहपूरला पूजेला नेली होती. मी नारळ हातात घेतला, तर सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्यांनी, तो माझ्या हातातून काढून भाऊजींना दिला. "बाईमाणसानं नारळ फोडू न्हाय." पगार माझा, नारळ भाऊजींचा. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायची सवय त्यांना अशी लहानपणापासून लावलेली आहे.

"मातीनं भरली व्हती," भाऊजी मान वर न करता म्हणाले. "म्हणलं, धुवावी."

माती होतीच. पण मातीखाली उजव्या चाकापासून मागच्या दारापर्यंत पिवळे शिंतोडे उडालेले होते आणि चाकावरच्या कमानीत तर चांगला थर थापला होता. रस्त्यावर पट्टे मारतात तो रंग. भाऊजी त्यावर थिनर ओतून नारळाच्या काथ्याने खसाखसा घासत होते, जणू कढईच्या बुडाची काजळी काढताहेत. पिवळा थोडा निघत होता, आणि त्याच्यासोबत माझा निळाही निघत होता. दारावर गोल गोल ओरखडे उठले होते.

"थांबा आधी. हा रंग लागला कुठं?"

"तूच आणलास की. काल इंदापूरवरनं येताना."

काल मी आले ती कालव्याच्या कडेने. वस्तीचा नवा डांबरी रस्ता बंद होता. ठेकेदाराच्या माणसांनी तोंडाला पिंपं लावून बाभळीच्या फांद्या टाकल्या होत्या आणि मधला पिवळा पट्टा मारायला घेतला होता. हे मी भाऊजींना सांगितलं. ते काथ्या पिळत म्हणाले, "मग कालव्यावर लागला असंल."

कालव्यावर पिवळा पट्टा. एवढा माणूस, एवढ्या मिश्या, आणि खोटंसुद्धा धड बोलता येत नाही.

माझे यजमान गोकुळ तोंडात ब्रश घेऊन दारात उभे होते. त्यांनी ब्रश काढला आणि म्हणाले, "जाऊ दे मनिषा, घरातलं घरात ऱ्हाऊ दे." हा त्यांचा ठरलेला मंत्र. घरात वाघ शिरला तरी ते हेच म्हणतील, फक्त माळ्यावरून.

काथ्या माझ्या हातात आला तेव्हा एक गोष्ट मला खटकली. तो ताजा होता. पण घरात नारळ नव्हताच. आत्यांनी मला काल इंदापूरहून आणायला सांगितला होता, मी विसरले होते आणि रात्री जेवताना त्याबद्दल बोलणीही खाल्ली होती. मग हा नारळ सोलला कुणी?

उत्तर मिळायला रस्त्यावर जावं लागलं. त्या दिवशी रस्त्याचा नारळ फुटायचा होता. आमच्याकडे नव्या रस्त्यावरून पहिली गाडी कुणाची जाते याला फार मोल. बाप मेला तरी पोरं सांगतात, पहिलं वाहन आमच्या आज्याचं. हा मान थोरल्या पातीच्या, म्हणजे भावकीतल्या थोरल्या शाखेच्या, आबासाहेबांच्या ट्रॅक्टरला द्यायचं ठरलं होतं, कारण रस्त्यासाठी बांध त्यांनी सोडला होता. धाकट्या पातीचे पुढारी आमचे भाऊजी. कशाचे पुढारी, ते विचारू नये. पांढरीशुभ्र मोठी गाडी, काचेवर नाव, बसायला चौक, आणि बोलायला सगळं जग. त्यांनी बांध सोडला नव्हता, पण मान मात्र सोडवत नव्हता.

आम्ही पोचलो तेव्हा सगळी वस्ती पट्ट्याभोवती गोळा झाली होती. पिंपं बाजूला सारलेली, आणि मधला पट्टा लांबवर फिसकटलेला. आबासाहेब काठी टेकून उभे होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, नवं धोतर नेसून आला होता, आणि ट्रॅक्टरला झेंडूचे हार घातले होते. मला त्यांचं वाईट वाटलं. बाकी कुणाचं वाटलं नाही.

"उसाला पानी देताना आमच्या गड्यानं, सोनबानं, बगितलं," ते म्हणाले. "दिवस मावळायला निळी गाडी गेली. वस्तीवर निळी गाडी एकच हाय."

सगळे माझ्याकडे वळले. आणि आमचे भाऊजी, धुऊन काढलेल्या हातांना थिनरचा वास येत असताना, पुढे झाले.

"चूक झाली आबासाहेब. आमच्या घरची चूक, मी पदरात घेतो. शिकलेली हाय, पर गाडी म्हंजे काय पुस्तक न्हवं. बाईमाणसाच्या हातात दिली की असं व्हतं." मग त्यांनी माझी चावी सगळ्यांना दाखवून शर्टाच्या खिशात टाकली. "आजपासनं चावी माज्याकडं. जाईल यष्टीनं."

माणसं माना डोलवायला लागली. आपली पांढरी गाडी कुणीही ओळखेल म्हणून ह्यांनी काल मी घरी आल्यावर खुंटीवरची चावी घेऊन माझी नेली, मान गुपचूप घेतला, आणि आता स्वतः केलेल्या पापाबद्दल मलाच माफही करत होते. असा संताप मला लग्नाच्या मांडवातसुद्धा आला नव्हता. मी गोकुळकडे पाहिलं. ते नव्या रस्त्याचं डांबर न्याहाळत होते.

मग माझी नजर खाली गेली. फिसकटलेल्या पट्ट्यात, चाकाच्या खुणेला लागून, अर्धी करवंटी चिकटून वाळली होती. तिच्यावर कुंकू होतं. बाजूला खोबऱ्याचे तुकडे, मुंग्या लागलेले.

म्हणजे स्वारी चोरून मान घ्यायला गेली आणि रीतसर नारळ फोडून आली. नुसती गाडी घालून परत आले असते, तर मी आज एसटीत असते. पण नारळाशिवाय मान लागू होत नाही, अशी भीती.

"आबासाहेब," मी म्हणाले, "हा नारळ कुणी फोडला?"

"कुणी म्हंजे? जी गाडी घिऊन आली, तिनं."

"मी?"

त्यांनी काठी पट्ट्याकडे वळवली. करवंटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. बायकांच्या घोळक्यात कुणीतरी हसलं. भाऊजी घाईने म्हणाले, "आजकालच्या बाया. काय बी करत्यात."

आत्याही बायकांच्या घोळक्यात होत्या. थोरल्या लेकावर त्यांचा जीव. त्याच्या चुका त्या चुलीतल्या राखेसारख्या रोज झाकत आल्या. पण हे त्यांच्या घराण्याच्या रीतीवर आलं होतं. त्या पुढे आल्या.

"माज्या घरातल्या बाईनं आजवर नारळ फोडला न्हाय," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "हिच्या गाडीचा बी हिला फोडू दिला न्हाय मी. तुज्या हातात दिला व्हता, रणजित. हिच्या अंगावर कसला आळ घालतोस?"

भाऊजींचा हात शर्टाच्या खिशावर गेला.

"चावी दे तिची."

"आई, मी म्हणलं आपल्या पातीचं नाव..."

"चावी दे."

चावी माझ्या हातात आली. आबासाहेब मिशीत हसले. "नाव झालंच की रणजितराव. पट्टा फिसकटला कुणी, तर तुमी. आमची नातवंडं बी सांगतील." मग त्यांनी आपला नारळ फोडला आणि ट्रॅक्टर कडेकडेने गेला.

मी शोरूमला फोन करून विचारलं. ते म्हणाले, घासू नका. व्हॅसलीन जाड फासा, मुरू द्या, मग मऊ सुती कापडाने टिपून घ्या, हळूहळू, कितीही वेळ लागो. थिनर आणि काथ्याचं सांगितलं, तर फोनवरची मुलगी म्हणाली, ओरखडे आता निघायचे नाहीत.

रविवारी भाऊजी अंगणात बसले. पुढच्या अंगणात, मागच्या नाही, अशी आत्यांची आज्ञा. येणारे-जाणारे रामराम घालत होते आणि रणजितराव माझं जुनं सुती पातळ हातात घेऊन दार टिपत होते. मी खुर्ची टाकून चहा घेत होते. गोकुळने चहा केला होता, पहिल्यांदाच, आणि साखर जास्त झाली होती.

"गेला का?" भाऊजींनी विचारलं.

पिवळा रंग केव्हाच गेला होता. काथ्याचे ओरखडे तेवढे राहिले होते, आणि ते आता गाडी मोडीत जाईपर्यंत राहणार.

"अजून आहे," मी म्हणाले. "तिथं. खालच्या बाजूला."

ते वाकले.